प्रोग्रामचे व्हाउचर

(मंडळाच्या विद्यार्थी मेळाव्यात दिलेल्या भाषणाचा मजकूर)



आम्ही कला शाखेचे पदवीधर आणि बँकेतील साधे कारकून. संगणकाच्या प्रोग्रामवर आम्ही बोलावे याचे कित्येकांना नवल वाटेल. परंतु गेल्या वर्षी आपल्याच सभासदांच्या दोन मुलांवर जो प्रसंग ओढवला, त्यावेळी पालकांसोबत महाविद्यालयात जाऊन बसण्याची पाळी आमच्यावर आली. म्हणून हा विषय आम्ही मागून घेतला.

दोघेही माहिती तंत्रज्ञानाच्या दुसऱ्या वर्षाला. एक डहाणूचा, दुसरा तलासरीकडचा. चिकूच्या पेट्यांचा हिशेब करणारा प्रोग्राम लिहून द्यावयाचा होता. डहाणूच्या मुलाने तो रात्र जागून लिहिला. तलासरीच्या मुलाच्या घरी संगणक नाही. प्रयोगशाळेत नंबर लागेपर्यंत एस.टी. गाठण्याची वेळ होते. त्याने मित्राची फाइल पेनड्राइव्हवर घेतली, व्हेरिएबलची नावे बदलली आणि आपली म्हणून दिली. पण मूळ प्रोग्राममध्ये ‘टोटल’ या इंग्रजी शब्दात एक ‘एल’ जास्त पडला होता. ती चूक दोन्हीकडे तशीच! दोघांनाही शून्य गुण मिळाले.

डहाणूच्या मुलाचे वडील संतापले. “आमच्या पोराने मेहनत केली, मग त्याला शिक्षा कशाची?” असे त्यांनी आम्हांला विचारले. आम्ही त्यांना बँकेतील गोष्ट सांगितली. सहकाऱ्याला आपला पासवर्ड दिला आणि त्याने त्यावर नोंद केली, तर जाब दोघांनाही द्यावा लागतो; मैत्रीखातर दिला हे कारण तेथे चालत नाही. तलासरीच्या मुलाची अडचण मात्र खरी होती. ती आधी सांगितली असती तर मुदत वाढवून दिली असती, असे त्याचे सरच म्हणाले. आपली मुले अडचण सांगण्यास लाजतात आणि नक्कल करण्यास लाजत नाहीत, हे आम्हांला फार लागले.

आता कोणी म्हणेल, प्रोग्राम चालला ना, मग झाले! मित्रहो, आमच्याकडे संध्याकाळी रक्कम जुळली एवढ्याने साहेब नोंद पास करीत नाहीत. व्हाउचर कुठे आहे, असे विचारतात. प्रोग्रामचे व्हाउचर म्हणजे संदर्भ. ज्या ओळी संगणक वाचून सोडून देतो, त्या कॉमेंटमध्ये तो लिहावयाचा: हा भाग कोठून घेतला, मूळ कोणाचा, कोणत्या तारखेस पाहिला आणि आपण त्यात काय बदलले. स्टॅक ओव्हरफ्लो या संकेतस्थळावरील उत्तरे वापरण्याच्या परवान्यातच मूळ लेखकाचा उल्लेख करण्याची अट आहे. मित्राने समजावले तर मित्राचे नाव लिहावे. कृत्रिम बुद्धिमत्तेच्या साधनाला विचारले असेल तर कोणत्या साधनाला काय विचारले ते लिहावे. सरांनी त्याची मनाई केली असेल तर त्या वाटेला जाऊच नये. कारण जे स्वतःच लिहावयास सांगितले आहे, ते संदर्भ देऊन उचलले तर खोटेपणा टळतो, गुण मिळत नाहीत.

नावे बदलून पकड चुकवता येते हाही भ्रम आहे. अमेरिकेत १९९४ साली तयार झालेली ‘मॉस’ नावाची प्रणाली दोन प्रोग्रामची घडणच ताडून पाहते. विद्यापीठ अनुदान आयोगाची २०१८ ची नियमावली दहा टक्क्यांपर्यंतच्या साम्याला शिक्षा करीत नाही, हे काही विद्यार्थी आम्हांला ऐकवतात. ती प्रबंध व शोधनिबंधांसाठी आहे. गृहपाठ आणि प्रकल्प-अहवाल तिच्यातून स्पष्टपणे वगळले आहेत. तेव्हा जर्नलमधले दहा टक्के उचलण्यास ती मोकळीक देते असे नव्हे. तेथे महाविद्यालयाचा नियम आणि सरांची नजर.

बाबासाहेबांचा रुपयाच्या प्रश्नावरील प्रबंध १९२३ साली लंडनमध्ये पुस्तकरूपाने निघाला. बँकेत असल्यामुळे तो आम्ही अडखळत का होईना, पण वाचला. केन्स यांचे मत त्यांचेच नाव घेऊन मांडलेले आणि मग खोडून काढलेले. प्रस्तावना लिहिणारे प्राध्यापक कॅनन यांनीही आपण काही बाबतींत असहमत आहोत असे त्याच पुस्तकात नोंदविले. कोणाचे काय, हे वाचणाऱ्याला पानोपानी कळते. असो.

तलासरीच्या मुलाने पुढचा प्रोग्राम स्वतः लिहिला. वर कॉमेंट होती: ‘लूप कसा थांबवावा हे डहाणूच्या मित्राने समजावले, ओळी माझ्या आहेत.’ वीसपैकी तेरा गुण मिळाले. आपल्या अभ्यासिकेतील दोन संगणक रविवारी सकाळी दहापासून खुले असतात. तलासरीहून येणाऱ्यांनी आदल्या दिवशी कळवावे, म्हणजे त्यांची पाळी आधी लावता येईल.