कोशिंबीर ताटाच्या मधोमध

मराठी ताटात कोशिंबिरीची जागा ठरलेली आहे. डाव्या बाजूला, लिंबाच्या फोडीशेजारी, चमचा-दोन चमचे. ती तिथून उचलून ताटाच्या मधोमध आणावी, निदान रात्रीच्या जेवणात तरी आणावी, असा माझा आज आग्रह आहे. मात्र त्यासाठी तिच्यात जे असायला हवे ते बहुतेक घरांत नसते. काकडी, टोमॅटो, कांदा यांची मोठी वाडगाभर कोशिंबीर खाल्ली तरी तिच्यातून प्रथिने मिळतात जेमतेम दोन-तीन ग्रॅम. अशा वाडग्यावर रात्र काढायला गेलेल्या माणसाला अकरा वाजता फरसाणाचा डबा आठवतो, आणि मग सगळे म्हणतात, कोशिंबिरीने काही पोट भरत नाही. अहो, भरेल कसे? तिच्यात कडधान्य कुठे आहे? वाटीभर शिजलेले हरभरे, म्हणजे साधारण दीडशे ग्रॅम, घातले की 12-13 ग्रॅम प्रथिने आली. वर दोन चमचे दाण्याचे कूट आणि एक उकडलेले अंडे, किंवा अंडे चालत नसेल तर पनीरचे चार तुकडे, की वीस-बावीस ग्रॅमपर्यंत मजल जाते. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने प्रौढ माणसासाठी दर किलो वजनामागे दिवसाला 0.83 ग्रॅम प्रथिनांची शिफारस केलेली आहे. साठ किलोच्या माणसाला ते पन्नास ग्रॅम होतात. म्हणजे दिवसाच्या गरजेतला निम्म्याहून थोडा कमी वाटा एका वाडग्यात आला. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने 2024 साली आहाराची जी मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली, त्यांत आपल्या खाण्यातली खोट स्पष्ट सांगितली आहे: आपल्याला मिळणाऱ्या ऊर्जेपैकी 50 ते 70 टक्के नुसत्या धान्यांतून येते, आणि डाळी, मांस, मासे यांचा सगळ्यांचा मिळून वाटा 6 ते 9 टक्के, जो 14 टक्क्यांच्या आसपास असायला हवा. पोळी-भात भरपूर, डाळ पातळ, कोशिंबीर नावापुरती, असे हे आपलेच ताट आहे.

कडधान्य खावे हे कोणाला ठाऊक नाही? ते मी सांगत बसणार नाही. अडते ते दुसरीकडेच. संध्याकाळी साडेसात-आठला माणसे घरी येतात, हरभरे डब्यात कोरडे असतात, आणि भिजवायचे म्हटले तर उद्याची रात्र उजाडते. डब्यातले कोरडे हरभरे म्हणजे पाचशेची कोरी नोट. मोलाची खरी, पण रात्री आठ वाजता ती मोडून कोण देणार? तेच हरभरे सुटीच्या दिवशी भिजवून, शिजवून, निथळून ठेवले की हातात सुटे पैसे आले. मग त्यांतून सोमवारी एक घ्या, मंगळवारी दुसरे घ्या. आता इथेच बहुतेक घरांत चूक होते. वेळ वाचावा म्हणून आधीच करून ठेवायचे ठरते, आणि लगेच कांदा-खोबऱ्याचे वाटण लावून, चिंच-गूळ घालून पातेलेभर उसळ होते. हे सुटे करणे नव्हे, हे खर्चून टाकणे. ती उसळ सोमवारी चवीने खाल्ली जाते, मंगळवारी नाइलाजाने, आणि बुधवारी ती कामवाल्या बाईंना दिली जाते. त्या उसळीची कोशिंबीर होत नाही, सूप होत नाही, धिरडे होत नाही. म्हणून माझे म्हणणे एवढेच की शिजवून ठेवायचे ते कोरे ठेवा. फोडणी नाही, मसाला नाही, आंबट तर मुळीच नाही. पाण्यात चिमूटभर मीठ असले तर असू द्या. चव द्यायची ती ताटात वाढायच्या आधी, त्या त्या रात्री.

आंबट मुळीच नाही म्हणते त्याला पाकशास्त्राचाच आधार आहे. कडधान्याच्या दाण्यातल्या पेशी एकमेकींना धरून ठेवणारे पेक्टिन नावाचे द्रव्य असते. ते विरघळले की दाणा मऊ होतो. चिंच, आमसूल, टोमॅटो, लिंबू यांच्या आम्लात ते विरघळायला फार वेळ घेते. कुकरच्या सहा शिट्ट्या होऊनही चवळी दाताखाली कचकचते तेव्हा पुष्कळदा आतल्या टोमॅटोमुळे तसे झालेले असते. बिचारे मीठ उगाच बदनाम आहे; भिजवण्याच्या पाण्यात थोडे मीठ घातले तर साल उलट मऊ पडते. भाज्यांचे दुसरेच. फरसबी, मटार, ब्रोकोली यांचा हिरवा रंग आम्लाशी गाठ पडली की काही वेळात शेवाळी होतो, कारण त्यातल्या हरितद्रव्यातले मॅग्नेशियम निघून जाते. आधीच लिंबू पिळून डब्यात भरलेली फरसबी दुसऱ्या दिवशी कोणी का खात नाही, हे आता सांगायला नको. आणि काकडी-टोमॅटोला मीठ लावून ठेवले की पाणी सुटते, त्या पाण्यात शिजवलेले सगळेच भिजून जाते. तेव्हा पुन्हा सांगते, शिजवायचे कोरे. आंबट, तिखट, फोडणी शेवटी. काकडी, टोमॅटो, कांदा, कोथिंबीर ही मंडळी तर चिरायचीच वाढायच्या वेळी.

किती करायचे? चौघांच्या घराला तीन रात्रींसाठी हरभरे अर्धा किलो आणि चवळी पाव किलो पुरते. भिजून-शिजून वजन सव्वादोन ते अडीच पट होते, म्हणजे माणशी रोज एक भरली वाटी. दोन्ही वेगवेगळी शिजवावीत, कारण चवळी हरभऱ्याच्या कितीतरी आधी मऊ होते. मूग, मटकी मोड आणून घेतली तर वाफ जरूर द्या. ज्या ओल्या उबेत मोड येतात, तीच ऊब जंतूंनाही मानवते. भाज्यांपैकी फरसबी, गाजर, फ्लॉवर चार-पाच मिनिटे वाफवून लगेच गार पाण्यातून काढावीत आणि चाळणीत नीट निथळू द्यावीत. निथळणे विसरू नका. बीट सालीसकट अख्खे उकडावे, म्हणजे रंग पाण्यात उतरत नाही. लाल भोपळा आणि रताळे वाफवण्यापेक्षा तव्यावर थेंबभर तेलात परतले तर गोडी वाढते आणि फोडी मोडत नाहीत. कोबी शिजवून ठेवू नये, वास येतो. तो कच्चाच बारीक चिरावा. अंडी कवचासकट उकडून फ्रीजमध्ये आठवडाभर राहतात. चिकन खाणाऱ्यांनी तेही नुसते मीठ-आले लावून, आतपर्यंत पूर्ण शिजवून, गार झाल्यावर त्याचे रेशे काढून ठेवावेत. इथेही नियम तोच, मसाला नंतर.

हे सुटे खर्चायचे कसे, त्याला आपल्या स्वयंपाकघरात तोटा नाही. सोमवारी हरभरे, परतलेला भोपळा, दाण्याचे कूट, लिंबू आणि वरून हिंग-मोहरी-हिरव्या मिरचीची चरचरीत फोडणी. मंगळवारी चवळी, बीट, काकडी, आणि मोहरी फेसून घातलेले दही. बुधवारी उरलेली दोन्ही कडधान्ये, फरसबी, ओले खोबरे, कोथिंबीर, चिंचेचा कोळ. फोडणीला वेळ नसेल तर कारळ्याची किंवा जवसाची चटणी तेलात कालवून घाला. दह्यात मेतकूट घाला. पैसे तेच, रोज दुकान वेगळे. तेलाला कोणी घाबरू नये. गाजर-भोपळ्यातले कॅरोटीन अंगी लागायला थोडा स्निग्धांश लागतो, म्हणून चमचाभर फोडणी किंवा दाण्याचे कूट ही चैन नाही. आणि लिंबू शेवटी पिळण्याचा आणखी एक लाभ: कडधान्यातले लोह शरीराला सहजी घेता येत नाही, पण त्याच घासात क जीवनसत्त्व असले तर ते जास्त शोषले जाते, आणि क जीवनसत्त्व आचेवर टिकत नाही. जेवणावर लगेच चहा मात्र घेऊ नका, त्याने लोहाचे शोषण घटते.

आता आक्षेपांकडे येते. पहिला आणि सगळ्यांत जुना आक्षेप: हे शिळे झाले. शिळे खाऊ नये हा नियम घराघरांत आला तेव्हा फ्रीज नव्हते, आणि त्या काळासाठी तो अगदी रास्त होता. 5 ते 60 अंश सेल्सिअसच्या मध्ये शिजलेल्या अन्नात जंतू झपाट्याने वाढतात, आणि आपले स्वयंपाकघर वर्षातले सगळे महिने त्याच्या मध्येच असते. म्हणून नियमाचे कारण पाळा. शिजलेले हरभरे कुकरमध्ये झाकून दुपारभर ठेवू नका. परातीत पसरा, पंख्याखाली निवू द्या, आणि दोन तासांच्या आत फ्रीजमध्ये ठेवा, वैशाख-ज्येष्ठात तासाभरातच. एका मोठ्या डब्यापेक्षा रात्रीगणिक लहान डबे करा, म्हणजे एकच उघडला जातो. असे ठेवलेले तीन दिवस खुशाल खावे. चौथ्या दिवशीही चालते, पण पाचव्याचा मोह नको. जिथे भारनियमनात चार-चार, सहा-सहा तास वीज जाते तिथे तीन दिवसांचे करूच नका, एका रात्रीपुरते करा. तिथेही सकाळी भिजवून संध्याकाळी शिजवता येते.

दुसरा आक्षेप वयस्कर माणसांचा, आणि त्याकडे दुर्लक्ष करू नये. रात्री गार आणि वातूळ खाल्ले की त्रास होतो. गारच खाल्ले पाहिजे असे कोणी सांगितले? कडधान्य वाढायच्या आधी कढईत वाफ येईपर्यंत परतून घ्या, गरम फोडणी द्या, मग काकडी मिसळा. वाताचे म्हणाल तर हरभऱ्यात काही शर्करा अशा असतात की त्या लहान आतड्यात पचत नाहीत, मोठ्या आतड्यातले जंतू त्यांवर पोसतात आणि वायू होतो. भिजवलेले पाणी ओतून देऊन नव्या पाण्यात शिजवले की त्या पुष्कळ कमी होतात, मोड आणले की आणखी कमी. ज्यांना सवय नाही त्यांनी आठवडाभर अर्ध्या वाटीवर राहावे. दात नसतील तर हरभरे पळीने ठेचून घ्या, किंवा मऊ चवळी वाढा. एकाच्या ताटात तिखट, दुसऱ्याच्या ताटात बिनमिरचीचे, तिसऱ्याचे मीठ कमी, हे सगळे होऊ शकते ते डब्यातले कोरे आहे म्हणून. आधीच मसाला पडलेला असता तर आजोबांसाठी वेगळे पातेले चढवावे लागले असते. मूत्रपिंडाचा विकार असलेल्यांनी मात्र प्रथिनांचे प्रमाण डॉक्टरांना विचारूनच ठरवावे.

तिसरे म्हणणे असे की हे आपले खाणे नव्हे, हे परदेशी सॅलड. चैत्रगौरीच्या हळदीकुंकवाला जी आंबेडाळ वाटली जाते ती काय आहे? भिजवलेली हरभऱ्याची डाळ, कैरी, फोडणी. मोड आलेल्या मुगाची कोशिंबीर आपल्याकडे आहे, शेजारी कर्नाटकात भिजवलेल्या मूगडाळीची कोसंबरी सणासुदीला पानात असते. म्हणजे कडधान्य कोशिंबिरीत घालणे आपल्याला नवे नाही. नवे आहे ते फक्त प्रमाण. आणि भाकरी सोडा असे मी म्हटलेलेच नाही. कडधान्यात लायसिन भरपूर पण मेथिओनिन कमी, धान्यात नेमके उलट. अर्धी ज्वारीची भाकरी बरोबर असली तर दोघे एकमेकांची उणीव भरून काढतात. फक्त भाकरी कडेला आणि वाडगा मधोमध, एवढा बदल करा.

घड्याळ पुढे गेले आहे आणि राजम्याबद्दल सांगायचे राहिले. तोही असाच कोरा शिजवून ठेवता येतो, पण त्याच्या कच्च्या दाण्यात एक विषारी प्रथिन असते, त्याने उलट्या-जुलाब होतात. निदान पाच तास भिजवा, ते पाणी फेका, आणि पूर्ण मऊ होईपर्यंत कुकरमध्ये शिजवा. उघड्या पातेल्यात शिजवायचा तर आधी दहा मिनिटे तरी खळखळून उकळू द्या. मंद आचेवर तासन्‌तास शिजवणारी विजेची भांडी आता बाजारात मिळतात, त्यांत कच्चा राजमा थेट कधीही टाकू नका, कारण ती आच पुरेशी चढत नाही. सोयाबीनचेही काही सांगायचे होते, पण ते आता पुढच्या वेळी.