हलकी बॅटरी, जड कर्ज

देहूहून तुमची गट समन्वयक ताई बोलतेय.

आजचा विषय जरा वेगळा आहे. पापड-मसाल्याचा नाही, शेळीपालनाचा नाही, मोटारीच्या बॅटरीचा आहे. तुम्ही म्हणाल, "ताई, आम्हाला काय करायचंय बॅटरीशी?" पण मागच्या महिन्यात आमच्या एका गटाच्या बैठकीत एका काकूंनी कर्जाची मागणी ठेवली. रक्कम २८ हजार रुपये, आणि कारण "मुलाच्या गाडीची बॅटरी". सगळ्याजणी एकमेकींकडे बघायला लागल्या. साधी बॅटरी सहा-सात हजारांत येते, हे आमच्यातल्या टेम्पोवाल्या घरच्या बायकांना पक्कं माहीत. मग ही कसली सोन्याची बॅटरी?

काकूंना काही सांगता येईना. मी म्हटलं, "काकू, पुढच्या बैठकीला पोरालाच घेऊन या."

पोरगा आला. चाकणला कंपनीत आहे, शिफ्ट ड्युटी. गाडी जुनी घेतलेली, पोलो जीटी. ही पोलो आपल्या चाकणच्याच कारखान्यातली बरं का. २००९ मध्ये तिथे बनायला लागली, २०२२ मध्ये बंद झाली. तिच्यातली जीटी म्हणजे जास्त पळणारी. तो म्हणाला, "ताई, बॅटरी संपलीच आहे, तर लिथियमची हलकी टाकतो. दहा किलो वजन कमी होतं. गाडी चटकन उचलते."

जुनी बॅटरी त्याच्या डिकीतच होती. आम्ही ती मसाल्याच्या काट्यावर ठेवली. भरली १४ किलो. नवीन ४ किलोची, असं त्याच्या कागदावर होतं. म्हणजे दहा किलो कमी, हे खरं. पण अख्खी गाडी साधारण ११०० किलोची. शंभरातला एक हिस्सासुद्धा कमी होत नाही. एक मावशी म्हणाल्या, "मग शेजारी नवऱ्याला बसवलं नाही, तर सात पट फायदा!" सगळ्या हसल्या, पोरगाही हसला.

पण मैत्रिणींनो, त्याचं म्हणणं खुळचट नव्हतं. शर्यतीच्या गाडीत किलो-किलो मोजतात. पोर्श नावाची जर्मन कंपनी आहे, वेगवान गाड्या बनवणारी. तिने २०१० पासून काही गाड्यांना लिथियमची बॅटरी द्यायला सुरुवात केली. तिचं वजन ६ किलोच्या आत, नेहमीच्या बॅटरीपेक्षा दहा किलोहून कमी. पण पुढचं ऐका. त्या हलक्या बॅटरीबरोबर कंपनी नेहमीची जड बॅटरीही देत होती! कारण गोठवणाऱ्या थंडीत हलकी बॅटरी नीट काम देत नाही. म्हणजे बनवणाऱ्यालाही ठाऊक होतं, की एक गोष्ट मिळवायची तर दुसरी थोडी सोडावी लागते.

आपल्याकडे तशी थंडी नाही. मग आपण काय सोडतो? आपण साठा सोडतो.

बॅटरी म्हणजे पाण्याची टाकी समजा. टाकी केवढी, ते एएच या आकड्यावरून कळतं. साधी बॅटरी ५० एएचची असेल, तर हलकीची खरी साठवण १८-२० असू शकते. स्टार्टर मारायला क्षणभराचा जोर लागतो, तो हलकी बॅटरी उत्तम देते. पण गाडी उभी असतानाही अलार्म, घड्याळ, जीपीएस थोडं थोडं पीत राहतात. समजा हे पिणं ५० मिलीअँपिअर आहे. दिवसाला १.२ एएच गेले. १८ ची टाकी पंधरा दिवसांत कोरडी. ५० ची बॅटरी निम्मी उतरली की कुरकुरते, तरी तीन आठवडे काढते.

हे मी पुस्तकातलं सांगत नाही. माझ्या भावाने अशीच हलकी बॅटरी हौसेने बसवली होती. तो तीन आठवडे बाहेरगावी होता, गाडी दारात उभी. ज्या सकाळी आईला डोळ्यांच्या तपासणीला न्यायचं होतं, त्या सकाळी गाडीत दिवासुद्धा लागेना. लिथियमच्या बॅटरीत संरक्षण करणारा एक सर्किट असतो. साठा फार खाली गेला की तो बॅटरी बंदच करून टाकतो. भावाने घरातला जुना चार्जर लावला, तो त्या बॅटरीसाठी नव्हताच. आईची त्या दिवसाची तारीख गेली, पुढची दीड महिन्याने मिळाली. वाट बघणारी आई होती, मला अजून वाईट वाटतं.

म्हणून त्या बैठकीत आम्ही पोराला काही प्रश्न विचारले. तुम्हीही लिहून घ्या.

पहिला, गाडी रोज काय काम करते आणि सलग किती दिवस उभी राहते? दुसरा, बॅटरीवरचा एएचचा आकडा खरा की "समतुल्य"? ठळक अक्षरांत मोठा आकडा असतो आणि शेजारी बारीक अक्षरांत समतुल्य लिहिलेलं असतं. खरी साठवण वेगळी विचारायची. तिसरा, मापं जुळतात का? लांबी, रुंदी, उंची आणि धन-ऋण टोकं कोणत्या बाजूला. काही बॅटऱ्यांच्या नंबरात शेवटी एल किंवा आर असतं, ते याच टोकांच्या बाजूसाठी. वायर ओढून ताणून बसवायची नाही. चौथा, गाडी चालू असताना किती व्होल्टने चार्ज करते? मेकॅनिककडून मीटरने बघून घ्यायचं. लिथियम फॉस्फेटच्या बऱ्याच बॅटऱ्यांना १४.६ च्या वर चालत नाही. पाचवा, इंजिनाशेजारची उष्णता तिला सोसते का? सहावा, वॉरंटी किती महिने, आणि बिघडली तर देहू-चाकण-पिंपरीत बदलून कोण देणार? पक्कं बिल आणि शिक्का मारलेलं कार्ड नसेल, तर वॉरंटी नुसती तोंडची.

पहिल्याच प्रश्नाला पोरगा थांबला. मग म्हणाला, "रात्री दीडला शिफ्ट सुटते, तेव्हा गाडी लागतेच. आणि बाबांना हार्टचा त्रास आहे, घरात दुसरी गाडी नाही." कोणी काही बोललं नाही. काकूच हळूच म्हणाल्या, "मग दहा किलो जड असलेली बरी."

गटाने सात हजारांचं कर्ज मंजूर केलं, साध्या चांगल्या बॅटरीसाठी, सात हप्त्यांत. हलकीची हौस त्याने बोनसमधून खुशाल करावी, गटाची ना नाही. बाहेरगावी जाताना जीपीएस काढून ठेव आणि हलकीला तिचाच चार्जर घे, एवढं मात्र सांगितलं.

आणि जुनी बॅटरी? ती दुकानात परत दिली, तिचे पैसे नवीन बिलातून वजा झाले. जुन्या बॅटरीत शिसं आणि ॲसिड असतं. ती उघड्यावर फोडणाऱ्या, वितळवणाऱ्या भंगारवाल्याला देऊ नका. शिसं लहान लेकरांच्या मेंदूला अपाय करतं. २०२२ च्या नियमांनी वापरलेल्या बॅटऱ्या परत गोळा करण्याची जबाबदारी उत्पादकांवर टाकली आहे.

मैत्रिणींनो, आपण मेकॅनिक नाही. पण गटातला पैसा आपल्या घामाचा आहे, म्हणून विचारायचा हक्क आपला आहे. वस्तू कोणतीही असो, आधी विचारा, "ही नेमकं कोणतं काम करणार, आणि अडीनडीला उभी राहणार का?" उत्तर बैठकीच्या वहीत लिहा, मग सही करा.

भेटू पुढच्या वेळी. राम कृष्ण हरी.