संगणकाचा कार्यवाह आणि मंडळाचे दप्तर

(मंडळाच्या वार्षिक स्नेहसंमेलनात केलेले भाषण)



या व्यासपीठावरून आजवर ज्यांनी भाषणे केली, ते सर्व आपापल्या विषयांतील अधिकारी पुरुष होते. कोणी आरोग्यावर बोलले, कोणी सहकारावर, कोणी विवाहप्रसंगीच्या अनाठायी खर्चावर. माझा अधिकार एवढाच की, मंडळाच्या कार्यालयात ज्या कपाटात संगणक ठेवला जातो, त्या कपाटाची किल्ली गेली अकरा वर्षे माझ्या कनवटीस आहे. 'संगणक व आपण' या विषयावर बोला, असे जेव्हा कार्यवाहांनी मला सांगितले तेव्हा मी म्हणालो, "अहो, मला त्यातले काही कळत नाही." त्यावर ते म्हणाले, "अकरा वर्षे त्याच्याशी भांडता आहात, एवढा अनुभव पुष्कळ झाला." संसाराविषयी बोलणाऱ्या वक्त्यांचाही अधिकार बहुधा इतपतच असतो, हे ध्यानी घेऊन मी उभा राहिलो आहे.

प्रथम, ज्यास ऑपरेटिंग सिस्टीम म्हणतात तो पदार्थ काय आहे, हे सांगितले पाहिजे. कोणत्याही समारंभात हार अध्यक्षांच्या गळ्यात पडतो, टाळ्या वक्त्यास मिळतात. परंतु खुर्च्या मांडणे, ध्वनिक्षेपक लावणे, चहा वेळेवर आणणे आणि दोन वक्त्यांस एकाच वेळी बोलू न देणे, हे सर्व कार्यवाह करीत असतो. समारंभ सुरळीत पार पडला तर त्याची आठवण कोणासही होत नाही, आणि चहा थंड निघाला तर त्याच्यावाचून दुसऱ्या कोणाचे नाव निघत नाही. संगणकातील ही कार्यप्रणाली म्हणजे त्या यंत्राचा कार्यवाह होय. हिशेब करणारी, पत्र लिहिणारी, चित्र दाखविणारी सॉफ्टवेअरे हे वक्ते. त्यांस जागा, वेळ आणि क्रम देणारा हा एकटा.

या कार्यवाहांच्या तीन प्रमुख तऱ्हा जगात आढळतात. पहिला विंडोज. याची ओळख सर्वत्र. कोणत्याही कचेरीत जा, हा तेथे आधीच बसलेला असतो. दोष एवढाच की, समारंभ ऐन रंगात आला असता 'जरा थांबा, मला सभागृह झाडून घ्यावयाचे आहे' असे म्हणण्याची त्यास खोड आहे. यास अपडेट म्हणतात. दुसरा मॅक. हा श्रीमंत व्याह्यांच्या घरासारखा आहे. सर्व काही स्वच्छ आणि नेटके. परंतु पाण्याचा पेलाही त्यांच्याच घरचा लागतो, आणि आपला नेलेला तांब्या त्यांच्या कोनाड्यात बसत नाही. तिसरा लिनक्स. फिनलंडमधील हेलसिंकी येथील लिनस टोरवाल्ड्स नामक विद्यार्थ्याने १९९१ साली हा हौसेखातर आरंभिला आणि सर्वांस मोकळा करून दिला. पुढे देशोदेशींच्या सहस्रावधी लोकांनी त्यास हात लाविला. गावजेवणाचा स्वयंपाक असावा तसा हा प्रकार आहे. पंगतीस कोणीही बसावे. मात्र 'मीठ कोठे आहे?' असे विचारले असता सात जण सात उत्तरे देतात आणि आठवा म्हणतो, 'प्रथम मिठाविषयीचे पुस्तक वाचून या.' असे असूनही जगातील सर्वांत वेगवान अशा पाचशे महासंगणकांच्या यादीत २०१७ च्या नोव्हेंबरपासून एकूण एक यंत्रे लिनक्सवर चालत आली आहेत, आणि आपणांपैकी बहुतेकांच्या खिशात जो अँड्रॉइडचा दूरध्वनी आहे त्याचा गाभाही तोच. या प्रचंड कामात हात लावणाऱ्यास त्याची ज्ञाती कोणी विचारली नाही, हेही ज्ञातिसंमेलनात एकदा बोलून ठेवतो.

विंडोजची एक गोष्ट लोक थट्टेने सांगतात. यंत्र बंद करावयाचे असता आरंभ करण्याची, म्हणजे 'स्टार्ट'ची कळ दाबावी लागते, याचे सर्व जगास हसू आले. ही कळ १९९५ साली आली. मला मात्र त्यात विपरीत असे काही कधीच दिसले नाही. आपण मराठी माणसे कोणाच्या घरून निघताना 'जातो' म्हणत नाही, 'येतो' म्हणतो. पुढे २०१२ साली विंडोज ८ मध्ये ती कळ काढून टाकली, तेव्हा इतका गिल्ला झाला की, पुढल्याच वर्षी ती पुन्हा जागेवर आणून ठेवावी लागली. दिवाणखान्यातील आजोबांची जुनी खुर्ची माळ्यावर टाकणाऱ्या सूनबाईंस याची कल्पना असेल.

यंत्र कोलमडले म्हणजे जो निळा पडदा दिसतो, तो आपणांपैकी अनेकांनी पाहिला असेल. २०१२ पासून त्यावर एक दुर्मुखलेला चेहराही येऊ लागला, आणि २०२५ साली त्या पडद्याचा रंग काळा करण्यात आला. दुखण्यावर उपाय नसला तरी सुतकाचा रंग योग्य असावा, ही जाणीव स्तुत्य आहे. परंतु या विनोदास एक गंभीर बाजू आहे. १९ जुलै २०२४ रोजी क्राउडस्ट्राइक या संरक्षक सॉफ्टवेअरच्या एका सदोष अपडेटमुळे जगभरातील सुमारे ८५ लक्ष विंडोज यंत्रे एकाएकी निळी पडली. विमाने जमिनीवर राहिली, इस्पितळांतील व बँकांतील कामे अडली. घरात चोर शिरू नये म्हणून ठेवलेला राखणदारच दारात आडवा पडला. कुंपणाने शेत खाल्ल्याचे आपण ऐकले होते. येथे ते एका दिवसात सर्व खंडांत खाल्ले. त्या दिवशी आपल्याकडील विमानतळांवर कित्येक प्रवाशांस हाताने लिहिलेले प्रवेशपत्र देण्यात आले. ते वृत्त वाचून आमच्या एका निवृत्त हेडक्लार्क मित्रांनी आपली टाकाची पेटी कापडाने पुसून ठेवली.

२०१८ च्या फेब्रुवारीतील एक वार्ता याहूनही मौजेची आहे. तेलुगू लिपीतील 'ज्ञा' हे जोडाक्षर विशिष्ट रीतीने लिहून पाठविले असता ॲपलचे महागडे दूरध्वनी ते दाखविता दाखविता कोलमडत. त्याच महिन्यात कंपनीने दुरुस्ती पाठविली, ती गोष्ट निराळी. परंतु 'ज्ञान' या शब्दाचे पहिले अक्षर दिसताच मूर्च्छा यावी, असे विद्यार्थी मी शिक्षकी पेशात पुष्कळ पाहिले. यंत्र मात्र पहिलेच.

आता, या सर्व थट्टेच्या मुळाशी मला जे सांगावयाचे आहे, त्याकडे वळतो.

आपल्या मंडळाचे आजीव सभासद, विद्यार्थी-साहाय्य निधी आणि बिनव्याजी कर्जे यांची नोंद १९९८ साली संगणकावर घेण्यास आरंभ झाला. त्या वेळच्या कार्यकारिणीने हौसेने एक मराठी अक्षरसंच विकत घेतला. त्या काळच्या अशा अक्षरसंचांची गंमत अशी की, त्यांतील 'क' हा खरोखरीचा 'क' नसे. इंग्रजी अक्षराच्या घरात 'क'चे चित्र बिऱ्हाडकरू म्हणून बसविलेले असे. अक्षरसंच यंत्रात आहे तोवर मराठी दिसे. तो गेला की बिऱ्हाडकरू निघून जात आणि मूळ मालकांच्या इंग्रजी पाट्या उघड्या पडत. वस्तुतः युनिकोड नावाची जागतिक व्यवस्था १९९१ पासून आहे. तीत आपल्या 'इस्की' या भारतीय मानकाच्या आधारे देवनागरीस १२८ घरांची स्वतंत्र आळी दिलेली आहे, आणि तेथे प्रत्येक अक्षर स्वतःच्या घरात नांदते. मराठीतील 'ॲ'स मात्र २००८ सालापर्यंत थांबावे लागले. सभागृहातील ॲडव्होकेट मंडळींनी हे क्षमा करून घ्यावे. आमच्या दप्तरास या आळीचा पत्ता कोणी सांगितला नव्हता.

काही वर्षांनी ते यंत्र निवर्तले. नवे आले, जुनी फाईल त्यात उतरविली आणि आम्ही निश्चिंत झालो. ती उघडून पाहण्याची बुद्धी आम्हांपैकी एकासही झाली नाही, हा दोष यंत्राचा नाही, आमचा आहे.

गेल्या वर्षी एक ज्ञातिभगिनी कार्यालयात आल्या. त्यांचे वडील नुकतेच वारले होते. अखेरच्या दिवसांत ते मुलीस पुन्हा पुन्हा सांगत, "१९९९ साली धाकट्या भावाच्या शिक्षणासाठी मंडळाचे कर्ज घेतले होते. थोडी बाकी राहिली आहे. ती फेड." आकडा त्यांस आठवत नव्हता. मी मोठ्या आत्मविश्वासाने कपाट उघडले, यंत्र चालू केले, आणि पडद्यावर ओळीमागून ओळ इंग्रजी अक्षरांचा कडबा आला. त्या बाई बराच वेळ पाहत राहिल्या. मग हळूच म्हणाल्या, "काका, यात आमच्या अण्णांचे नाव कोठे आहे?"

मित्रहो, एकतीस वर्षे मी शाळेत प्रश्न विचारण्याचे काम केले. या प्रश्नास मजपाशी उत्तर नव्हते. शेकडो कुटुंबांची नावे, त्यांनी पोटास चिमटा घेऊन दिलेल्या देणग्या, फेडलेले हप्ते, हे सर्व त्या पडद्यावर होते आणि नव्हते.

आपल्याच मंडळाच्या साहाय्यावर शिकत असलेला एक विद्यार्थी मदतीस धावून आला. दिवाळीच्या सुटीत त्याने एकेका चित्रास खऱ्या अक्षराशी जुळविणारे कोष्टक केले आणि विनामूल्य मिळणाऱ्या साधनांनी मजकूर युनिकोडमध्ये आणला. अडचण ऱ्हस्व इकाराची आणि रफाराची. जुन्या पद्धतीत इकार डोळ्यांस दिसतो तसा व्यंजनाच्या आधी टंकलेला, युनिकोडमध्ये तो उच्चाराप्रमाणे व्यंजनाच्या मागून येतो. रफाराचे नेमके उलट. त्यामुळे पहिल्या प्रयत्नात कित्येक सभासदांची नावे अशी निघाली की, ती मोठ्याने वाचण्याची सोय नव्हती. अखेर महिला शाखेतील चार ज्येष्ठ भगिनींस बोलाविले. त्या यादी ऐकत आणि सांगत, "छे, हे गिरिधरपंत; त्यांच्या पत्नी माहेरच्या वाईच्या." ज्यांस माऊस हाती धरणे ठाऊक नाही, त्यांच्या स्मरणात मंडळाचे संपूर्ण दप्तर सुरक्षित होते, आणि त्यास अपडेटची गरज पडली नव्हती.

तीन आठवड्यांनी अण्णांचे नाव सापडले. बाकी निघाली सहाशे रुपये. त्या बाईंस निरोप धाडला. त्या आल्या, सहाशे रुपये मेजावर ठेविले आणि म्हणाल्या, "पावती अण्णांच्या नावाने द्या." मी पावती छापण्याची आज्ञा दिली. यंत्राने उत्तर दिले की, छपाईयंत्र सापडत नाही. ते त्याच्या शेजारीच, वीतभर अंतरावर होते. तेव्हा खणातून पावतीपुस्तक काढले आणि हाताने पावती लिहिली. ती त्यांनी घडी न घालता पुस्तकात ठेवून नेली.

या अनुभवावरून चार सूचना मी नम्रपणे मांडतो. पहिली, मंडळाचा प्रत्येक कागद यापुढे युनिकोडमध्येच टंकावा. दुसरी, दप्तराच्या तीन प्रती असाव्यात, त्यांपैकी एक कार्यालयाबाहेर, आणि दरवर्षी दसऱ्यास शस्त्रपूजन होते त्या दिवशी ती प्रत उघडून वाचून पाहावी. नुसते हळदकुंकू वाहून भागत नाही. तिसरी, परवलीचा शब्द एकाच पदाधिकाऱ्याच्या डोक्यात न राहता मोहोरबंद लखोट्यात अध्यक्षांकडे असावा. माणूस कितीही भला असला तरी जाताना परवलीचा शब्द बरोबर घेऊन जातो. चौथी, सभासदांची व निधीची यादी वर्षातून एकदा कागदावर छापून बांधून ठेवावी. कागदास निळा पडदा येत नाही. वाळवी येते, पण ती सावकाश येते.

आणखी एक. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० ची नियमित देखभाल संपली. त्यापुढील विंडोज ११ साठी विशिष्ट संरक्षक चकती लागते. ती नसल्यामुळे जगातील कितीतरी सुस्थितीतील यंत्रे अपात्र ठरली. 'तुम्ही काम करू शकता, परंतु यापुढे तुमची काळजी आम्ही वाहणार नाही' असा त्याचा अर्थ. आम्हां निवृत्तांस ही भाषा नवी नाही. म्हणून तरुणांस माझी विनंती आहे की, जुन्या यंत्रांवर लिनक्स घालून ती ज्ञातीतील गरजू विद्यार्थ्यांस द्यावी, आणि महिन्यातून एका रविवारी तासभर आम्हां जुन्या मंडळींजवळ बसावे. आम्ही तुम्हांस नावे सांगू, तुम्ही ती टिकेल अशा लिपीत लिहून ठेवा. यंत्र बदलेल, प्रणाली बदलेल. ज्ञातिभगिनीने येऊन वडिलांचे नाव विचारले तर ते दाखविता आले पाहिजे.

मध्येच कोणी अपडेट होण्यासाठी उठून गेले नाही. अध्यक्षांची घंटा झाली आहे. तेव्हा आपल्या रीतीस अनुसरून एवढेच म्हणतो — येतो.