भाजल्याचे व्रण : उपचार आणि समाजाचे कर्तव्य



भाजलेल्या माणसाची जखम भरली म्हणजे त्याचे दुखणे संपले, असा सर्वसाधारण समज आहे. वस्तुतः दुखण्याचे दुसरे पर्व तेव्हाच सुरू होते. इजा खोल असेल किंवा जखम भरण्यास ३ आठवड्यांहून अधिक काळ लागला असेल, तर त्वचेतील कोलॅजनचे तंतू प्रमाणाबाहेर वाढण्याचा धोका असतो. व्रण लाल, जाड व टणक होतो. त्याला खाज सुटते. तो सांध्यावर असल्यास आकसत जातो. बोटे तळहाताकडे ओढली जातात, हनुवटी छातीकडे झुकते. ज्या स्थितीत अवयवाला आराम वाटतो, त्याच स्थितीत तो आखडतो, हे घरच्या माणसांनी ध्यानात ठेवले पाहिजे.

व्रण सौम्य राहावा यासाठीची पहिली दक्षता भाजताक्षणीच घ्यावयाची असते. भाजलेल्या भागावर नळाचे साधे पाणी २० मिनिटे सोडावे. बर्फ, शाई, हळद किंवा टूथपेस्ट लावू नये आणि रुग्णास विनाविलंब दवाखान्यात न्यावे.

व्रण पक्व होण्यास सामान्यतः १ ते २ वर्षे लागतात. उपचाराची खरी संधी याच काळात असते. जखम पूर्ण भरल्यावर खोबरेल तेलाने हलके मालीश करावे, व्रणावर ऊन पडू देऊ नये. तज्ज्ञांच्या सल्ल्याने सिलिकॉनची पट्टी, दिवसाचे सुमारे २३ तास वापरावयाचे घट्ट दाबवस्त्र, रात्री सांधा सरळ ठेवणारी पट्टी आणि रोजचा व्यायाम यांचा अवलंब करावा. व्रण समूळ नाहीसा होत नाही. परंतु तो मऊ व सपाट होऊ शकतो आणि हात कामाचा राहतो. आखडलेला सांधा शस्त्रक्रियेने मोकळा करता येतो. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत भाजलेल्या रुग्णांवरील उपचारांचा समावेश आहे. ही माहिती ग्रामपंचायतीने घरोघरी पोहोचवावी.

शिक्षकांचे कार्य याहून नाजूक आहे. वर्गातील चिडवण्यामुळे मूल दाबवस्त्र काढून ठेवते आणि केलेला उपचार वाया जातो. व्रण संसर्गजन्य नसतो, एवढे शिक्षकांनी वर्गाला समजावून सांगितले, तरी त्या मुलाचा मार्ग पुष्कळसा सुकर होईल. स्वयंपाकाची चूल अथवा शेगडी जमिनीवरून ओट्यावर गेली, तर कित्येक बालके या यातनांपासून मुळातच वाचतील.

व्रणाची खूण शरीरावर राहील. ती त्या व्यक्तीच्या शिक्षणाच्या व उपजीविकेच्या आड येऊ न देणे हे समाजाच्या हाती आहे.