धुऱ्यावरची बाभूळ आणि लाकूड कापायची मशीन
(शेलूबाजार येथील बैठकीतील भाषण)



मंगरूळपीर, कारंजा, मालेगावकडून आपण आलात. सकाळपासून कापसाच्या भावावर बोलणे झाले. आता अर्धा तास लाकडावर बोलू. हसू नका, हाही भावाचाच प्रश्न आहे.

आपल्यापैकी प्रत्येकाच्या धुऱ्यावर नाहीतर घरामागे एखादी वाळलेली बाभूळ, एखादा पडायला आलेला कडुलिंब उभा आहे. होळीच्या आधी लाकडाचा व्यापारी येतो, झाडाला एक चक्कर मारतो, खोडावर थाप मारतो आणि म्हणतो, "भाऊ, आतून पोकळ आहे, कापायची मजुरीही निघायची नाही." आपण मान हलवतो आणि सांगेल त्या पैशात झाड देऊन टाकतो. कारण दोन माणसांनी कुऱ्हाडीने ते पाडायचे, तुकडे करायचे म्हणजे किती दिवस जातील, हे त्यालाही ठाऊक आणि आपल्यालाही ठाऊक. उभ्या झाडाचा भाव तो ठरवतो. तेच झाड पाडून, लांबीप्रमाणे कापून धुऱ्यावर रचून ठेवले, की सुतारही विचारायला येतो, आरा मशीनवालाही येतो आणि पोकळ किती, भरीव किती, हे सगळ्यांना डोळ्यांनी दिसते.

म्हणून आम्ही पाच घरांनी मिळून चेन सॉ घेतली. त्यात आम्ही काय काय चुकलो ते आज सांगणार आहोत. ती फी आम्ही भरली आहे, तुम्ही पुन्हा भरू नका.

पहिली चूक दुकानातच झाली. सर्वात स्वस्त आणि सर्वात लांब पट्टीची मशीन आम्ही उचलली. बावीस इंची पट्टी, अठ्ठावन्न सीसीचे इंजिन, दुकानदार म्हणाला काहीही कापेल. कापलेही. पण ओढायची दोरी तुटली तेव्हा तसली दोरी कुठे मिळेना, आणि कार्बोरेटर उघडणारा माणूस तर त्याहून मिळेना. आता आम्ही सांगतो : किंमत शेवटी विचारा. आधी विचारा की हिची चेन, प्लग, दोरी, फिल्टर वाशीमला मिळते का, अकोल्याला मिळते का, आणि बिघडली तर उघडणार कोण. दुकानदाराने तिथेच मशीन सुरू करून, पुढचा ब्रेक लावून चेन जागच्या जागी थांबते हे दाखवले नाही तर पैसे काढू नका. पट्टी अठरा इंची पुरे. आपल्या धुऱ्यावरच्या बाभळीला तेवढी चालते. ज्या चिंचेला दोन माणसांची कव पुरत नाही, ती पाडायला रोज तेच काम करणारा माणूस बोलवा. तिथे हौस नको.

दुसरी चूक पेट्रोलची. ही मशीन दुचाकीसारखी नाही, हिच्या इंजिनाला वेगळे ऑईल भरायची जागाच नसते. ऑईल पेट्रोलातच मिसळावे लागते. चांगले टू-स्ट्रोक ऑईल असेल तर बहुतेक मशीनला पन्नासास एक, म्हणजे एका लिटरला वीस मिली. काही मशीनच्या पुस्तकात पंचविसास एक लिहिलेले असते, मग चाळीस मिली. पुस्तक सांगेल तेच खरे. आमच्यातल्या एकाने घाईत नुसतेच पेट्रोल ओतले. थोडा वेळ मशीन जोरात पळाली, तो म्हणाला बघा कशी चालते, आणि पिस्टन जाम झाला. तेव्हापासून मिसळलेल्या पेट्रोलचा डबा आम्ही लाल रंगवून वेगळा ठेवतो.

आताच्या पेट्रोलात इथेनॉल असते आणि ते हवेतले पाणी ओढते. म्हणून महिनाभरात संपेल तेवढेच मिसळा. पावसाळ्यापूर्वी टाकी रिकामी करून, मशीन आपोआप बंद पडेपर्यंत चालवून मगच ठेवा. नाहीतर पुढच्या होळीला दोरी ओढून ओढून खांदा उतरतो.

चेनचे ऑईल वेगळे, त्याची टाकी वेगळी. पेट्रोलची टाकी भरली की तीही भरायची, दर खेपेला. ट्रॅक्टरचे काळे, जळके ऑईल ओतण्याचा मोह सर्वांना होतो, आम्हालाही झाला. त्यातल्या कचऱ्याने पंप खराब होतो आणि पट्टी कोरडी पडून निळी होते. चेन ताणायची ती मशीन थंड असताना : खालून पट्टीला चिकटून राहावी, पण हातमोजा घालून ओढली तर सहज फिरावी. नवी चेन पहिल्या दिवशी सैल पडतेच, पुन्हा पुन्हा पाहावी लागते.

आता धारेची गोष्ट. मशीन घेताना गोल कानस त्याच दुकानातून घ्या आणि ती वापरायला तिथेच शिका. कानस चेनच्या मापाची लागते : कुठे चार मिलिमीटर, कुठे चार पूर्णांक आठ, कुठे पाच पूर्णांक दोन. चेनचे माप पट्टीवर कोरलेले असते. प्रत्येक दात आतून बाहेर, एकाच दिशेने, साधारण तीस अंशात, मोजून तेवढेच घाव. एका बाजूचे दात जास्त घासले गेले तर मशीन कापताना वाकडी जाते. धार आहे की गेली, हे भुसा सांगतो. जाड कीस पडतो तोवर ठीक. पिठासारखी पूड पडू लागली, लाकडातून धूर निघू लागला, की थांबा. वाळलेली बाभूळ दगडासारखी असते, धार लवकर खाते. त्यात आपल्या धुऱ्यावरच्या झाडांत कुंपणाचे खिळे आणि काटेरी तार बापजाद्यांनी ठोकलेली असते, वरून साल येऊन ती दिसत नाही. आधी शोधा. बुंध्याला माती लागलेली असेल तर कुऱ्हाडीने साल काढून मग मशीन लावा.

बोथट चेनची किंमत आम्ही मोजली आहे. आमच्याच घरातला एक मुलगा, दिवस मावळायला आला होता, एवढी एक फांदी संपवू म्हणून मशीनवर जोर देत होता. पट्टीच्या टोकाचा वरचा भाग मागच्या फांदीला टेकला आणि मशीन उसळून अंगावर आली. अंगात लुंगी होती. गुडघ्याच्या वर इतके खोल गेले, की त्या वर्षी त्याची पेरणी आम्ही चार घरांनी केली. तो आजही जपून चालतो. टोकाने कापायचे नाही, खांद्याच्या वर मशीन उचलायची नाही, शिडीवर चढून चालवायची नाही. लुंगी, धोतर, गळ्यातला दुपट्टा घरी ठेवा. जाड पँट, बूट, डोळ्याला चष्मा. आणि एकट्याने रानात मशीन सुरू करायची नाही, हा आमच्या पाच घरांचा नियम आहे.

पाडताना आधी वर पाहा. तार असेल तर वीज कंपनीकडून लाईन बंद करून घेतल्याशिवाय हात लावायचा नाही. झाडाच्या उंचीच्या दुप्पट अंतरात माणूस, बैल कोणी नको. ज्या बाजूला पाडायचे तिकडे खोडाच्या पाव भागापर्यंत खाच घ्या. मग मागून, खाचेच्या थोडे वर, कापत या. पण आरपार नाही, खोडाच्या दहाव्या हिश्शाएवढे लाकूड मध्ये राहू द्या. तेच बिजागरीसारखे झाडाला वळवते. मागच्या कापात पाचर ठोका. झाड हलले की मशीन बंद करून, आधीच मोकळ्या केलेल्या वाटेने तिरके मागे सरा. खूप कललेले झाड उभे चिरून वर फाटते आणि कापणाऱ्याच्या छातीवर येते. पोखरलेल्या झाडाची बिजागरी धरत नाही. ही दोन झाडे आपल्या हाताने पाडू नका.

कायद्याचेही सांगतो. १९६४ च्या महाराष्ट्र वृक्षतोड अधिनियमाप्रमाणे साग, आंबा, चिंच, मोह, जांभूळ, खैर, चंदन, ऐन, बिजा, तिवस, अंजन अशी यादीतली झाडे स्वतःच्या शेतातली असली तरी परवानगीशिवाय तोडता येत नाहीत. आजोबांनी लावलेल्या आंब्यासाठी नातवाने अर्ज करायचा, हे आपल्याला पटो न पटो, आज कायदा आहे. बाभूळ त्या यादीत नाही. तरी पाडण्याआधी आणि लाकूड गाडीत भरण्याआधी वनखात्याच्या कार्यालयात विचारून घ्या, आणि झाड धुऱ्यावरचे असेल तर शेजाऱ्यालाही.

आमच्या पाच घरांत मशीन सामाईक आहे, पण चालवणारे दोघेच आणि कानस एकाच्या हाती. वहीत तारीख, कोणाचे झाड, किती पेट्रोल आणि धार कधी लावली, एवढे लिहितो. फिल्टरची धूळ रोज संध्याकाळी ब्रशने झाडतो, पट्टीची खाच साफ करून पट्टी उलटी बसवतो, म्हणजे दोन्ही कडा सारख्या झिजतात.

मशीन आम्ही सोबत आणली आहे. जेवणानंतर मागच्या मोकळ्या जागेत धार लावून दाखवू. कापून दाखवणार नाही, धारच दाखवू. ज्यांच्या घरी मशीन आहे त्यांनी आपली चेन काढून आणली असेल तर ती पुढे द्यावी.