बाळाच्या डोक्याचे माप

(सतवास, जि. देवास येथे ग्रामस्थ, शिक्षक व कर्मचारी यांच्यापुढे केलेले भाषण)



विहिरीत बुडालेली घागर पाण्यात असेपर्यंत हलकी लागते. पाण्याबाहेर येताच तिचा भार हाताला जाणवतो. निसर्गाने मेंदूसाठी हीच सोय केली आहे. मेंदू खरवसासारखा मऊ असतो. प्रौढ माणसाच्या मेंदूचे वजन सुमारे १४०० ग्रॅम. परंतु तो द्रवात तरंगत असल्यामुळे त्याचा भार जेमतेम ५० ग्रॅमइतका राहतो.

हा द्रव वाहता असतो. मेंदूच्या आतील पोकळ्यांत तो दिवसाकाठी सुमारे अर्धा लिटर तयार होतो, अरुंद वाटेने बाहेर पडतो आणि अखेर रक्तात मिसळतो. एका वेळी मात्र तो सुमारे १५० मिलिलिटरच असतो. पाटात गाळ साचला की मागे पाणी तुंबते. तद्वतच जन्मजात दोषाने, रक्तस्रावाने किंवा क्षयरोगाच्या मेंदूज्वराने ही वाट अडली, तर पोकळ्या फुगतात आणि मेंदू कवटीवर दाबला जातो. यास जलशीर्ष म्हणतात.

मोठ्या माणसाची कवटी ताणत नाही. त्याला डोकेदुखी व वांत्या होतात. तान्ह्या बाळाच्या कवटीचे सांधे जुळलेले नसतात, म्हणून डोकेच वाढत जाते. हे दृष्टीचे किंवा ग्रहणाचे फळ नव्हे. अंगारे-धुपाऱ्यांत गेलेला प्रत्येक आठवडा मेंदूची हानी वाढवितो.

पारख साध्या फितीने होते. पूर्ण दिवसांच्या बाळाच्या डोक्याचा घेर जन्मतः सुमारे ३५ सें. मी. असतो. पहिले तीन महिने तो दरमहा सुमारे २ सें. मी., पुढील तीन महिने १ सें. मी. आणि नंतर वर्षाअखेरपर्यंत अर्धा सें. मी. वाढतो. वाढ याहून झपाट्याची असेल, टाळू फुगीर व ताठ लागत असेल किंवा बुबुळे खाली वळलेली दिसत असतील, तर बाळास विनाविलंब आरोग्य केंद्रात न्यावे व तेथून इंदूरसारख्या ठिकाणी मेंदूच्या शल्यचिकित्सकाकडे पाठवावे.

तुंबलेला द्रव झडपेच्या बारीक नळीने पोटात सोडता येतो. अमेरिकेतील जॉन होल्टर या यंत्रकारागिराने आपल्या आजारी मुलासाठी १९५६ साली अशी झडप घडविली. नळी अडू शकते; म्हणून शस्त्रक्रियेनंतर ताप, वांती वा गुंगी आल्यास पुन्हा रुग्णालय गाठावे.

अंगणवाडीत वजनाबरोबर डोक्याचे मापही दरमहा नोंदले जावे, एवढीच माझी विनंती आहे. वेळीच घेतलेले हे माप एखाद्या बालकाची दृष्टी आणि बुद्धी वाचवील.