राखीव वाटेचा उपयोग

कापसाच्या हंगामात आदिलाबादच्या बाजार आवारात गाड्यांची रांग लागते. माल काट्यावर तोलला जातो. परंतु शेतकऱ्याची ओळख, बँकखाते व रकमेची नोंद ही सारी आता इंटरनेटवरून होतात. जोडणी तुटली की काटा चालतो, रांग मात्र हलत नाही. म्हणून कित्येक कचेऱ्या दोन जोडण्या घेतात: एक मुख्य, दुसरी राखीव. राखीव जोडणीचे भाडे दरमहा भरावयाचे आणि ती निजून राहावयाची, हे हिशेबनिसास रुचत नाही. तीही कामास जुंपावी, असे त्यास वाटणे स्वाभाविकच होय.

तसे करता येते. मुख्य जोडणी 100 मेगाबिटांची व राखीव 40 ची असली, तर बेरीज 140 होते. पण ही बेरीज बरीचशी कागदावरची. राउटर हे यंत्र सामान्यतः एका संभाषणाचे सर्व तुकडे एकाच वाटेने धाडते. दहा माणसे कामास बसली असता सर्वांस लाभ होतो. एकट्याने मोठी फाईल मागविली, तर तिचा वेग वाढत नाही. बरे, तुकडे आलटून पालटून दोन्ही वाटांनी सोडावेत, तर त्यांचा क्रम बिघडतो, आणि तुकडे हरवले असे समजून पाठविणारे यंत्र आपली गती उतरविते. चपळ बैलाशेजारी मंद बैल जुंपला म्हणजे नांगर कोणाच्या चालीने चालतो, हे शेतकऱ्यास सांगावयास नको.

खरा धोका सवयीचा आहे. काम हळूहळू 120 वर जाते, आणि एके दिवशी मुख्य जोडणी तुटते. मग 40 च्या वाटेवर 120 चा भार! अशा वेळी नोंदी व पैशांचे व्यवहार आधी, चित्रफिती मागाहून, हा क्रम राउटरमध्ये आधीच घालून ठेवला पाहिजे.

दुसरे असे की, दोन कंपन्यांची बिले म्हणजे दोन वाटा नव्हेत. तेलंगणात टी-फायबरचे काचतंतू मिशन भगीरथच्या जलवाहिन्यांच्या चरांतून नेण्याची योजना झाली. खोदाईचा खर्च वाचला, हे योग्यच. परंतु कचेरीच्या दोन्ही जोडण्या एकाच चरातून येत असतील, तर खोदयंत्राचा एकच घाव दोहोंस पुरतो. 2023 साली मंजूर झालेल्या सुधारित भारतनेट योजनेत वलयाकार मांडणी स्वीकारली आहे, ती याच कारणास्तव: एकीकडून तुटले तरी दुसरीकडून पोचावे. आदिलाबादेहून नागपूरचा हमरस्ता एका दिशेस जातो, किनवटचा लोहमार्ग दुसऱ्या. जोडणी घेणाऱ्याने दर विचारण्याआधी तिची वाट नकाशावर दाखवून मागावी.